चार आवाजांचा टोला

त्या रानात बोलणं टोल्यांनी चालायचं. मधे रुंद दरी, दोन्ही अंगांना डोंगर. या डोंगरावरच्या सुतारपक्ष्यांनी खोडावर चोच मारायची आणि समोरच्यांनी ऐकून जीव वाचवायचा, अशी वहिवाट होती.

तांबी त्या सुतारपक्ष्यांतली मुरलेली. तिच्या खोडावर चार जागा होत्या, चारींचे आवाज वेगळे. शिकारी आलाय की वणवा, आणि तो वरून येतोय की खालून, दोन्ही गोष्टी तिच्या एकाच टोल्यात कळायच्या. मात्र जागा बदलायला वेळ लागे, म्हणून टोले सावकाश पडत.

मग धनेश पक्षी रानाच्या गादीवर आला. आवाजांतला फरक त्याला कधी उमगला नाही, मोजता मात्र यायचं. ज्याचे टोले जास्त, त्याच्या पिल्लांना समोरच्या डोंगरावरची उंच ढोली, जिथे साप पोचत नाही, असं त्यानं फर्मावलं. मोजायला समोर खार बसवली. ती दर टोल्याला एक बी बाजूला टाकायची.

"तांबे, चोच जड झाली का गं?" शेजारची पाखरं चिडवू लागली. ती सगळी एकाच पोकळ जागी तडातडा चोच आपटत होती. त्यातून एवढंच कळे, की टोले पडतायत. पुढे सापानं तांबीचं एक पिल्लू गिळलं, तेव्हा तीही पोकळ जागी जाऊन बसली. तिला लाज वाटली, पण दोन पिल्लं अजून उरली होती. उंच ढोली तिला मिळाली. समोरची जनावरं हळूहळू आवाज ओळखायचं विसरून गेली.

एका दुपारी समोरच्या डोंगराच्या पायथ्याशी धूर दिसला. वारा तांबीकडे वाहत होता, म्हणजे वर ढोलीत पिल्लांना धुराचा वासही पोचला नसणार. दरी ओलांडायला वेळ लागणार होता, टोला लगेच पोचणार होता. तिनं जुनी जागा धरली आणि टोला दिला. वणवा, खालून. थांबून पुन्हा तोच, सावकाश आणि स्पष्ट.

समोर खारीनं कान टवकारले. "आज तुमच्या आईचं काही खरं नाही," ती पिल्लांना म्हणाली. "असंच चाललं तर ढोली जायची तुमची." पिल्लं हिरमुसली आणि आत सरकली.

कुणी हलेना, तेव्हा तांबीनं खोड सोडलं आणि दरीवर झेप घेतली. समोरचा वारा तिला मागे रेटत होता.

एवढ्यात खालच्या वेळूच्या बेटाला आग लागली. पेरं फुटू लागली. आधी तड, तड, मग नुसती तडतड, मधे उसंतच नाही. दरी त्या आवाजानं भरून गेली. बिया टाकता टाकता खारीला दम लागला. असा वेग त्या रानानं कधी ऐकला नव्हता.

"बघा रे, लागली तुमची आई कामाला," ती म्हणाली. बुंध्याकडून ऊब येऊ लागली होती, तरी दोन्ही पिल्लं ढोलीच्या तोंडाशी आली आणि माना ताठ करून टोले मोजू लागली.