मधमाशीचा साठावा दिवस

एका जंगलात एक बिबट्या राज्य करत होता. अगदी रीतसर निवडून आलेला. समोरच्या उमेदवाराला त्याने मतदानाच्या आदल्या संध्याकाळी जेवायला बोलावलं होतं, आणि बिबट्याचं जेवण उत्तम झालं होतं.

राजाचं एक मध भांडार होतं. माश्या तिथे मध घालायच्या, भांडार तो अस्वलांना विकायचं आणि माश्यांना मोबदल्यात गूळ द्यायचं. पावसाळ्यात फुलं नसतात, तेव्हा पोळं या गुळावरच जगायचं.

एकदा अर्थमंत्री उदमांजराने दरबारात हिशेब मांडला. मध भांडारात पडून राहतो वीस दिवस. विकल्यावर अस्वलं पैसे देतात पंचवीस दिवसांनी. झाले पंचेचाळीस. माश्यांना गूळ द्यायचा तिसाव्या दिवशी, ते तीस वजा. म्हणजे महाराजांचा पैसा पंधरा दिवस अडकून पडतो.

महाराज भडकले. मध लवकर विकावा, तर भांडाराचा व्यवस्थापक महाराजांचा मेहुणा, आणि त्याला दुपारी झोप लागते. अस्वलांकडून वसुली करावी, तर निवडणुकीचा खर्च तीच उचलतात. राहता राहिल्या माश्या. त्यांचा गूळ साठाव्या दिवसावर ढकलला. हिशेब आला उणे पंधरा. राजाला काही कळेना, तेव्हा मंत्री कानाशी लागला.

"महाराज, आता धंदा आपला आणि भांडवल माश्यांचं."

झाडाझाडावर फलक लागले, ‘अधिक नको, उणे हवे, बिबट्याचे राज्य नवे!’

मग फसवणूक होऊ नये म्हणून फर्मान निघालं. जिने मध घातला तिनेच साठाव्या दिवशी हयातीचा दाखला घेऊन यावं, दुसऱ्या कुणाला गूळ मिळणार नाही. कामकरी माशी जगते जेमतेम पंचेचाळीस दिवस. हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं मंत्री अजूनही सांगतो. निर्लज्ज मेला!

गुणाई नावाची एक म्हातारी माशी फाटक्या पंखांनी भांडारावर आली. पाऊस तोंडावर आलाय, माझा गूळ माझ्या पोळ्याला द्या, एवढंच तिचं म्हणणं. मंत्री फार अदबीने बोलला.

"बाई, तुमचा गूळ कुठे पळून जात नाही. साठाव्या दिवशी स्वतः या."

ती दारातच बसून राहिली. तिसऱ्या दिवशी झाडूवाल्याने तिला कचऱ्याबरोबर लोटून टाकलं.

त्या पावसाळ्यात पोळं उपाशी मेलं. भांडार ओस पडलं. पडून राहायला मध नाही, अस्वलांकडून येणं नाही, माश्यांचं देणं मात्र तसंच थकलेलं. मंत्र्याने पुन्हा हिशेब केला, तो आला उणे साठ. इतका सुंदर आकडा जंगलात कधी आला नव्हता. मंत्र्याला पदक मिळालं, मेहुण्याला बढती.

यंदा पुन्हा निवडणूक आहे. महाराजांनी प्रत्येकाला पक्कं बीळ, बारमाही झरा आणि पोटभर चारा जाहीर केलाय. सगळं पंचवीस वर्षांनी मिळणार आहे, हयातीचा दाखला दाखवून. सभेत सगळ्यात जास्त टाळ्या सशांनी वाजवल्या. ससा जगतो फार तर आठ वर्षं.