कापलेली नऊ मिनिटं

“...ते सगळं ठीक आहे, पण नव्या माणसाने तुम्हाला ऐकायला सुरुवात कुठून करायची, मास्तर?”

बस्त्याव मास्तर बेसगिटारच्या जाड तारेवरून फडकं फिरवत होते.

“लोक विचारतात,” ओजस म्हणाला. “बेंजो आणि बेस, दोघंच. गाणारा नाही, ढोलकी नाही. बावीस कॅसेटी. कुणी चुकीच्या जागी सुरुवात केली तर पळून जाईल. म्हणून मी यादी केलीय.”

“तू केलीस?”

“हो. आधी सोप्या, मग अवघड. फक्त पहिली कुठली, ते तुमच्या तोंडून हवं. तुमच्या नावाने छापायचंय.”

ओजस हुशार होता, आणि ते त्याला कोणीतरी फार लवकर सांगितलं होतं. वसईला येऊन तीन वर्षं तो मास्तरांकडे बेस शिकला. मग त्याने ठाण्याला स्टुडिओ टाकला आणि त्याचं येणं कमी झालं. सहा महिन्यांपूर्वी मास्तरांनीच त्याला बोलावून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दिला.

डब्यात त्या बावीस कॅसेटी होत्या. मास्तर आणि हिराजी म्हात्रे एकतीस वर्षं एकत्र वाजवत होते, त्यातलं एवढंच उरलं होतं. हिराजी बेंजो वाजवायचे. वरातीत वाजतो तोच, कळांचा. पण त्यांच्या हाताखाली तो असा काही बोलायचा की वऱ्हाडी नाचायचे थांबून ऐकत उभे राहायचे. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.

डबा देताना मास्तर एकच शब्द बोलले होते. सांभाळ.

“शेवटच्या कॅसेटपासून,” मास्तर आता म्हणाले.

ओजसला हसू आलं. “ती तर सगळ्यात अवघड. हिराजीकाकांचा हात तिच्यात इतका पळतो की नवा माणूस गुदमरेल.”

“लाव.”

ओजसने लॅपटॉप उघडला आणि जाताजाता सांगून टाकलं की सगळा खरखराट त्याने काढलाय, खुर्च्यांचे आवाज काढलेत, आता काचेसारखं स्वच्छ झालंय. मग त्याने कळ दाबली.

बेंजो सुरू झाला. खाली बेस चालत होता, सावकाश. बेंजो पुढे पळायचा, वळून बघायचा, परत यायचा. मास्तरांनी फडकं खाली ठेवलं आणि डोळे मिटले. बाहेर केळीच्या बागेत कुणीतरी पाणी सोडत होतं.

बेंजो एका तानेच्या टोकाला पोहोचला. मग आवाज हळूहळू मावळला आणि सगळं शांत झालं.

मास्तर तसेच बसून राहिले.

ओजसने वाट पाहिली. त्याला वाटलं, म्हातारा भारावून गेलाय.

“पुढे?” मास्तरांनी विचारलं.

“पुढे नाही काही. संपली.”

“नाही संपत तिथे.”

“म्हणजे... पुढे बेंजो नव्हताच, मास्तर. नुसता तुमचा बेस. एकच सूर, परत परत. नऊ मिनिटं वीस सेकंद. ऐकणारा कंटाळला असता. कापलं मी ते.”

मास्तरांनी डोळे उघडले.

“कॅसेट कुठाय?”

“बुरशी चढली होती सगळ्यांना. एकदा कशाबशा वाजल्या आणि फिती तुटल्या. टाकून दिल्या.”

“कापलेलं?”

“पुसलं. जागा फार लागते, मास्तर...”

...

हे सगळं मला ओजसनेच सांगितलं. स्वतःला वाचवायचा प्रयत्न त्याने केला नाही, म्हणून मी त्याला फार बोललो नाही. राग मात्र आला. सांभाळ म्हटल्यावर माणूस सांभाळतो, साफसफाई करत बसत नाही.

“पुसायच्या आधी ऐकलंस?” मास्तरांनी विचारलं.

“ऐकायची गरज पडत नाही. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. एक तुमच्या बेसची, एक काकांची. काकांची रेघ आडवी झाली होती.”

“साफ आडवी?”

ओजसला पहिल्यांदाच काहीतरी चुकतंय असं वाटलं.

“मध्ये जराशी उठली होती. दोनदा... तीनदा असेल. मला वाटलं, खोकला असणार.”

मास्तर उठले. भिंतीपाशी गेले आणि तिथेच उभे राहिले. त्यांची पाठ ओजसकडे होती.

“बेंजोची तार तुटते,” ते म्हणाले. “माहितेय?”

“हो.”

“नवी चढवायला चार-पाच मिनिटं लागतात. हिराजी पोरसवदा असताना वरातीत त्याची तार तुटली. बेंजो पार्टीचा मालक वाजवायचं थांबवून त्याच्याकडे बघत राहिला. मग सगळी वरात बघायला लागली. लोक हसले. ते त्याच्या मनातून कधी गेलं नाही.”

“मग?”

“मग आम्ही जोडी जमवली तेव्हा त्याने एकच अट घातली. बस्तू, म्हणाला, माझा बेंजो थांबला तर तू एका सुरावर राहायचं. डोळे मिटायचे. माझ्याकडे बघायचं नाही. एकतीस वर्षं मी बघितलं नाही. लोकांना वाटायचं, ही यांची वाजवायची तऱ्हाच आहे. टाळ्या वाजवायचे.”

...

“ही कॅसेट भरली त्या दिवशी, कार्यक्रमात बेंजो थांबला,” मास्तर म्हणाले. “मी डोळे मिटले.”

ओजसच्या लक्षात आलं. त्याने लॅपटॉप बंद केला.

“त्याचं डोकं कळांवर टेकलेलं होतं म्हणे. नखी फिरवल्याशिवाय बेंजो बोलत नाही, नुसत्या कळा दाबून काय होणार. लोकांना वाटलं, रंगलाय. शेवटी पहिल्या रांगेतली एक बाई उठून ओरडली. डॉक्टर म्हणाला, थोडं आधी आणलं असतं तर.”

“मास्तर, मला माहीत नव्हतं...”

“कसं असेल? मी बोललो नव्हतो.” मास्तर वळले. त्यांचा चेहरा शांत होता, आणि ओजस सांगतो की त्या शांतपणाचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली. “त्याने मला हाक मारली का, एवढंच मला हवं होतं. एकोणीस वर्षं डबा उघडायची छाती झाली नाही. म्हटलं, तू ऐकशील. शिकलेला आहेस. ऐकशील, आणि काही असलं तर येऊन सांगशील.”

ओजस रडायला लागला. मास्तरांनी त्याला गप्प केलं नाही, जवळही घेतलं नाही. त्यांनी कपाटावरून कापडात गुंडाळलेला बेंजो उतरवला. तो हिराजींचाच होता. चटईवर त्यांनी तो ओजसपुढे ठेवला.

“बस नीट.”

“मी नाही वाजवणार तो, मास्तर. माझी लायकी नाही.”

“वाजवायला सांगितलंय कुणी? डोकं टेकव कळांवर. मी सूर धरतो. मध्येच कधीतरी हाक मार. मोठ्याने नको. दम गेलेला माणूस मारेल तशी.”

“काय म्हणू?”

“बस्तू म्हण.”

ओजसने आजवर त्यांना मास्तरशिवाय दुसरं काही म्हटलं नव्हतं. त्याने बेंजोवर कपाळ टेकलं. कळा गार होत्या आणि कपाळाला रुतत होत्या. मास्तर त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर बसले. त्यांनी स्पीकर सुरू केला, डोळे मिटले आणि सूर धरला.

एकच सूर. परत परत. ओजसला तो छातीत जाणवत होता, चटईतून गुडघ्यांत जाणवत होता. पडद्यावर ज्याला त्याने कंटाळवाणं ठरवलं होतं, त्यात केवढा धीर भरलेला होता, ते त्याला आता कळलं. घाई करू नकोस, मी आहे, तार चढवून घे, असं कोणीतरी म्हणत होतं.

“बस्तू...” तो म्हणाला.

सूर चालूच राहिला.

थोड्या वेळाने त्याने परत हाक मारली. त्याचा आवाज त्यालाच नीट ऐकू आला नाही.

मग तिसऱ्यांदा. या वेळी त्याच्या तोंडून ती खरीच निघाली, कारण तो घाबरला होता. मान वळवून त्याने मास्तरांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. बोटं चालत होती. आणि ते कान देऊन ऐकत होते. अख्खा म्हातारा कान झाला होता.

ओजसला ओरडता आलं असतं. हात लावता आला असता. पण दम गेलेल्या माणसाला ते करता येत नाही, म्हणून त्यानेही केलं नाही. तो परत कळांवर डोकं टेकून पडून राहिला.

नऊ मिनिटांनी, की त्याहून जास्त वेळाने, मास्तरांनी हात थांबवला. डोळे उघडले.

“अजून मारली नाहीस?”

ओजसने कळांवरून डोकं उचललं.

“मार की रे. मी ऐकतोय.”

“तीनदा मारली, मास्तर.”

...

बाहेर बागेतलं पाणी बंद झालं होतं. मास्तरांनी बेस मांडीवरून उतरवून चटईवर आडवा ठेवला. ते त्याच्याकडे बघत राहिले, मग बेंजोकडे, मग त्या दोघांमधल्या हातभर जागेकडे.

“ती यादी काढ,” ते म्हणाले.

“फाडतो ती. मला नाही छापायची.”

“काढ. मघाशी विचारत होतास ना, सुरुवात कुठून करायची?”

ओजसने खिशातून कागद काढला. पेन काढलं. डोळे पुसले.

“लिही,” मास्तर म्हणाले. “शेजारच्या माणसापासून.”