खानमचं कलमदान

"मग दुभाष्या मी का नाही, सर?"

काझी सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत लावला.

विरूपाक्ष बिरादार उभाच होता. संध्याकाळी सरांच्या घरी आला होता, पण बस म्हटलं तरी बसला नव्हता. त्याचा मुख्य विषय अर्थशास्त्र. जोडीला मायनर म्हणून त्याने काझी सरांची फारसी घेतली होती आणि त्या फारसीत तो विद्यापीठात पहिला आला होता.

उदगीरच्या किल्ल्यातले फारसी शिलालेख वाचायला इराणातल्या यज्दहून मेहरअंगीज खानम आल्या होत्या. साठी ओलांडलेली, ताठ कण्याची विदुषी. गुरुवारी कॉलेजात त्यांचं व्याख्यान होतं. त्या बोलणार फारसीत. शेजारी उभं राहून ते मराठीत सांगायला कोणीतरी हवं होतं. नाव काझी सरांनी सुचवायचं होतं.

त्यांनी ते अजून सुचवलं नव्हतं.

त्या कॉलेजात फारसीला काय मान होता, तेही सांगितलं पाहिजे. फुकटात गुण मिळवायचा विषय, एवढाच. संस्थेच्या बैठकीत सचिव नळगीरकरांनी विचारलं होतं, इराणात आपली कोण मावशी राहते? खजिनदार पोट धरून हसले होते. हुद्दा फारसी, बसले होते ती खुर्ची अरबी, आणि हसत होते फारसीलाच.

मायनर म्हणजे ताटात डावीकडचं तोंडी लावणं, असंही सचिव म्हणाले होते.

काझी सर शांतपणे म्हणाले होते, "डावीकडे मीठही असतं साहेब. ताटात पहिल्यांदा तेच वाढतात."

बैठकीत त्यानंतर कोणी हसलं नव्हतं. पण विषय बंद करायचा ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला गेला, एवढंच. मागे कोणी घेतला नाही.

विरूपाक्षला हे सगळं माहीत होतं. म्हणून तर त्याला त्या व्यासपीठावर उभं राहायचं होतं. सचिवांच्या समोर. एकदाही न अडता. हसणाऱ्यांची तोंडं बंद करायची होती त्याला, आणि तो अभिमान काही खोटा नव्हता.

"आज दिवसभर मीच होतो त्यांच्याबरोबर," तो म्हणाला. किल्ल्याच्या दरवाजापासून हवेलीपर्यंत त्याने खानमना हिंडवलं होतं. एक शब्द त्याला विचारावा लागला नव्हता. त्याच्या उच्चारांचं खानमनी दोनदा कौतुक केलं होतं. हे त्याने सविस्तर सांगितलं. सर ऐकत राहिले.

"आणि हे बघा."

त्याने पिशवीतून एक लांबट डबी काढून टेबलावर ठेवली. लाखेच्या कामाचं जुनं कलमदान. झाकणावर बुलबुल, कडेने गुलाबाची वेल. एका कोपऱ्यावरचा रंग बोटांनी झिजून गेलेला.

सरांनी हात लावला नाही. "हे कुठून?"

"खानमनी दिलं. मी म्हटलं, फार सुंदर आहे. तर लगेच माझ्यापुढे धरलं. म्हणाल्या, तुमच्यापुढे याची काय किंमत, तुमचंच समजा."

"मग तू?"

"मी आभार मानले. शुद्ध फारसीत. जसे मानायला हवेत तसे."

"आणि घेतलंस."

"दिलं म्हणून घेतलं, सर."

सर थोडा वेळ बुलबुलाकडे बघत बसले.

"पुढचे शिलालेख त्यांनी कशाने उतरवून घेतले?"

विरूपाक्षने आठवलं. मग त्याचा आवाज जरा उतरला.

"माझं बॉलपेन मागितलं त्यांनी."

सरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"पण त्या स्वतः म्हणाल्या, सर. मी काही मागितलं नव्हतं. मी भाषांतर चुकलो का? सांगा. तुमचंच समजा, याचा दुसरा काय अर्थ होतो?"

"भाषांतर बरोबर आहे."

"मग?"

"इराणी माणसाच्या या रीतीला काय म्हणतात?"

"तारोफ," विरूपाक्ष फटकन म्हणाला. "समोरच्याला मोठेपणा द्यायचा, आपली वस्तू त्याला देऊ करायची, त्याने नको म्हणायचं, पुन्हा आग्रह करायचा. चौथ्या युनिटमध्ये आहे. दहा गुणांचा प्रश्न होता. मला नऊ मिळालेत."

"एक कशाचा कापला?"

"ते परीक्षकांना विचारा. तुम्हीच होतात."

सर पहिल्यांदा हसले. पण दुभाष्याचं नाव काही घेतलं नाही.

विरूपाक्षचा धीर सुटला. पहिला येऊनही आपल्याला बाजूला सारतात, ते का, हे तोंडावर सांगायचीही कोणाची तयारी नाही, असं काहीबाही तो बोलला. आवाज चढला होता. मग कलमदान त्याने पिशवीत टाकलं आणि दाराकडे वळला.

"थांब," सर म्हणाले. "जेवायची वेळ झालीय. जेवून जा."

"नको सर. आई थांबलीय जेवायची."

"दोन घास खा. भाकरी टाकायला किती वेळ लागतो?"

"खरंच नको. उशीर होईल. पुन्हा येईन ना मी."

"असं कसं? दारातून उपाशी जायचं?"

"पोट भरलंय सर. घरचंच आहे, केव्हाही येईन."

सर खुर्चीत मागे टेकले.

"आई थांबलीय?"

विरूपाक्षने खांद्यावरचा पिशवीचा पट्टा सारखा केला.

"परवा तूच म्हणालास, आई महिनाभर लातूरला मावशीकडे गेलीय."

"…हो."

"मग आज जेवणार कुठे?"

"मेसमध्ये."

"भूक लागलीय?"

"लागलीय."

"दिवसभर किल्ला हिंडलास, लागणारच. मग खोटं का बोललास?"

विरूपाक्षला ते लागलं. "खोटं नाही सर ते. तसं म्हणायचं असतं. कोणी असं दारात जेव म्हटलं की लगेच पाटावर बसायचं का? लोक काय म्हणतील?"

"हं. आणि आमच्या स्वयंपाकघरात आज काय शिजलंय?"

विरूपाक्षने आतल्या दाराकडे पाहिलं. आत दिवा नव्हता. आला तेव्हापासून नव्हता. भांड्याचाही आवाज आला नव्हता.

"काही नाही," तो हळू म्हणाला.

"काही नाही. मी मुलीकडे जेवून आलोय. पीठसुद्धा संपलंय." सर म्हणाले, "तू बसला असतास तर माझी पंचाईत होती. म्हणजे आपण दोघंही खोटं बोललो. भांडण झालं का आपलं?"

"नाही."

"तुला राग आला?"

"नाही. उलट…"

"उलट काय?"

"बरं वाटलं," विरूपाक्ष म्हणाला. "आत्ताच एवढं टाकून बोललो तुम्हाला, तरी जेव म्हणालात."

सरांनी मान हलवली.

"हे कुठल्या युनिटमध्ये शिकलास?"

विरूपाक्ष उभा होता तिथेच उभा राहिला. खांद्यावरची पिशवी त्याने दोन्ही हातांत घेतली. मघाशी टाकली होती तशी नाही. आत काच असावी, तशी धरली.



"परत कसं करू, सर?" अखेर त्याने विचारलं. "घेतलेलं तसंच परत केलं तर त्यांना वाटेल, नाकारलं. ठेवून घेतलं तर… ते तर झालंच आहे."

"मला इराणातलं थोडं कळतं, विरू. तुमच्या घरातलं तुला कळतं. तुझं तू बघ."

सर उठले आणि खिडकी लावायला लागले. विरूपाक्ष काय समजायचं ते समजला. दुभाष्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

सकाळी तो खानमच्या उतरण्याच्या जागी गेला. काझी सर तिथे आधीच येऊन बसले होते. चहा चालला होता. विरूपाक्षने कलमदान पुढे केलं. खानमनी लगेच हात मागे घेतला. ते तर तुमचं आहे, म्हणाल्या.

तो म्हणाला, एक रात्र ते आमच्या घरी होतं, घराला शोभा आली. खानम म्हणाल्या, मग तिथेच राहू द्या. तो म्हणाला, त्याचा मान राखण्याएवढं आमचं घर मोठं नाही. त्या नको म्हणाल्या. तो ऐकेना. सर चहा पीत ऐकत होते. शब्द आदल्या दिवशीइतके सफाईदार नव्हते. एका ठिकाणी क्रियापदच हरवलं आणि त्याने ते हाताने दाखवलं.

अखेर खानमनी कलमदान घेतलं. वजन वेगळं लागलं म्हणून झाकण सरकवलं.

लेखण्यांच्या कडेने कागदात बांधलेली खडीसाखर होती.

हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. विरूपाक्षने सांगितलं, आमच्याकडे कोणाच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत.

खानमनी कलमदान छातीशी धरलं. दुसऱ्या हाताने खडीसाखरेचा एक खडा तोंडात टाकला आणि काझी सरांकडे बघून एवढंच विचारलं, गुरुवारी माझ्या शेजारी उभा राहणारा मुलगा हाच ना?

सरांनी छातीवर हात ठेवून मान लववली.

विरूपाक्षचं बॉलपेन मात्र खानमनी परत केलं नाही. त्यानेही मागितलं नाही.

गुरुवारी सभागृह भरलं. सचिव पहिल्या रांगेत, शेजारी काझी सर. अंगात इस्त्रीची शेरवानी. कॉलेजात त्यांना त्या पोशाखात कोणी कधी पाहिलं नव्हतं.

खानम बोलायला उभ्या राहिल्या. पहिलंच वाक्य असं होतं: मी तुमच्या पायांची धूळ आहे.

आदल्या आठवड्यातला विरूपाक्ष असता तर शब्दाला शब्द ठेवून मोकळा झाला असता आणि सभागृह फिदीफिदी हसलं असतं. त्याने तोंड उघडलं… मिटलं. खानमकडे पाहिलं. समोरच्या लोकांकडे पाहिलं. पंखे फिरत होते. मागे कोणीतरी खोकलं.

मग तो म्हणाला, "खानम म्हणतात, आपण सगळी मोठी माणसं आहात. माझं काही चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या."

मागच्या रांगांतल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. एक बाई पुटपुटल्या, बाई चांगल्या घरच्या दिसतात.

व्याख्यान पुढे चाललं. तारखा, नावं, किल्लेदारांच्या वंशावळी तो सरळ सांगत गेला. पण खानम कोणाचे आभार मानू लागल्या, कोणाची आठवण काढू लागल्या की तो थांबायचा. प्रत्येक वेळी. मग सावकाश बोलायचा.

सचिवांची चुळबुळ सुरू झाली. ते काझी सरांच्या कानाशी वाकले.

"काय हो काझी, हाच ना तुमचा विद्यापीठात पहिला आलेला? वाक्यावाक्याला अडखळतोय की."

काझी सरांनी व्यासपीठावरची नजर काढली नाही.

"अडखळत नाही, साहेब. उंबऱ्याशी चपला काढतोय."