होकाराचे पिंजरे

एका राज्यात उष्टावणाच्या दिवशी बाळाच्या कानात एक नियम सांगत: वडीलधाऱ्यांना उलट उत्तर द्यायचे नाही. का, असे विचारणे हेही उलट उत्तरच.

नियम घालून दिला होता राजगुरू भृंगनाथाने. हा भृंगनाथ मोठा मांत्रिक. दर वसंतात वयात आलेली मुले भरसभेत त्याच्यापुढे उभी राहत. तो तीन गोष्टी मागे. मुले तीनदा 'जशी आज्ञा' म्हणत आणि तिसऱ्यांदा म्हणताच त्यांच्या साळुंक्या होत. मग त्या पिंजऱ्यात ठेवत. पोरे मार्गी लागली, असे वडीलधारे एकमेकांना सांगत आणि घरी जाऊन गुपचूप डोळे पुसत.

राजकन्या शर्वाणीची पाळी आली. सभेला निघताना पिंजऱ्यातली एक साळुंकी बोलली. तो तिचा थोरला भाऊ जयंतक.

"शर्वाणी, मला नाही म्हणायचे होते. बाबांची मान खाली जाईल, म्हणून गप्प राहिलो."

सभेत भृंगनाथाने आधी तिचे केस मागितले.

"कशाला?" तिने विचारले.

सभा दचकली. भृंगनाथाची जटा गळून पडली. त्याने तिचे नाव मागितले. ते आईने ठेवले आहे, तुम्ही कोण मागणारे, असे ती म्हणाली. त्याच्या हातातल्या दंडाला वाळवी लागली.

राजाची आत्या उठली. "तोंड वर करून बोलू नकोस, पोरी. आम्ही कधी मान वर केली नाही."

"म्हणून तर आत्याआजी, तुमची तिन्ही मुले पिंजऱ्यात आहेत."

म्हातारी मटकन खाली बसली. शर्वाणीने तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण शब्द मागे घेतला नाही.

"तुझा आवाज दे," भृंगनाथ कापऱ्या स्वरात म्हणाला.

"नाही."

होकारावर जगणारा तो मांत्रिक, नकार ऐकताच मूठभर राख झाला. पिंजरे उघडले. साळुंक्यांची माणसे झाली. जयंतक धावत आला. आत्याआजी तिन्ही मुलांची तोंडे पुन्हा पुन्हा कुरवाळू लागली.

तेवढ्यात वृद्ध प्रधान खाकरले. झाले ते बरे झाले, पण रीत ती रीत, असे म्हणाले. राजानेही मान डोलावली.

"शर्वाणी, सभेला उलट उत्तर दिलेस. क्षमा माग."

शर्वाणीने रिकाम्या पिंजऱ्यांकडे पाहिले, मग वडिलांकडे.

"नाही मागणार, बाबा."

राजाने प्रधानांकडे पाहिले, प्रधानांनी आत्याआजीकडे. आत्याआजीने मुलांचे हात घट्ट धरले.