केरबाशेठ आणि दोन गाड्या

एका बाजाराच्या गावात केरबा नावाचा म्हशींचा व्यापारी राहत होता. धंद्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि संशयात तर नव्हताच नव्हता. पाहुण्यानं पेढे आणले, तर हा पहिला पेढा पाहुण्यालाच खायला लावी. कुणी वाटेत नमस्कार केला, की घरी येईपर्यंत विचार करी, याचं माझ्याकडे काय काम असावं? आता नमस्काराला काय काम लागतं? पण केरबाला कोण सांगणार!

त्याचाही सगळा दोष नव्हता. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं ठरत नाही. दोघं हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. चारचौघांत जे मोठ्यानं बोललं जातं, ते सगळं ऐकणाऱ्यांसाठी. "ही म्हैस नका घेऊ, लाथाळ आहे" असं दलाल म्हणाला, की खुशाल समजावं, त्यानं ती दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी धरून ठेवली आहे. केरबा याच विद्येवर मोठा झाला. पण बाजार उठला तरी त्याच्या डोक्यातला बाजार काही उठत नसे.

अशानं माणसं तुटत गेली. भाऊ वेगळा झाला. मित्र त्याला बघून गल्ली बदलू लागले. उरला एकटा हिंदुराव, त्याचा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मनानं मोकळा गडी. केरबाचे टोमणे पोटात घालून दर आठवड्याला चहाला यायचा. केरबाची बायको शालन सारखी सांगायची, "अहो, एवढा एक माणूस तरी राखा. उद्या खांदा द्यायला कुणी मिळायचं नाही."

हिंदुरावाला गाड्यांचं वेड होतं. शहराबाहेर मोटारींचा एक रेसट्रॅक झाला होता. काही रविवारी हौशी लोक आपापली गाडी घेऊन तिथं जात, फी भरत आणि मनसोक्त पळवत. बक्षीस नाही, नंबर नाही. मागच्यापेक्षा आज आपली फेरी किती लवकर झाली, एवढाच खेळ. एकदा हिंदुरावानं केरबाला शेजारी बसवून चार फेऱ्या मारल्या आणि पन्नाशीतला केरबा अगदी खुळावला. "पाव्हणं, मला पण असली गाडी पाहिजे," म्हणाला. पैशाला तोटा नव्हता. दोघं शोरूमला गेले.

तिथं एकाच जातीच्या दोन स्पोर्ट्स कार शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक साधी, बेस मॉडेल. दुसरी टॉप मॉडेल, तिचं इंजिन कितीतरी दांडगं. तीही एकुलती एकच शिल्लक होती.

सेल्समननं विचारलं, "साहेब, ट्रॅकवर पहिल्यांदाच चालवणार? मग बेस घ्या. हलकी आहे, वळणावर ऐकते. टॉपची ताकद सवयीशिवाय आवरत नाही."

केरबाचे कान टवकारले. स्वस्तातला माल घ्या म्हणणारा दुकानदार त्यानं जन्मात पाहिला नव्हता. हा मनुष्य टॉप मॉडेल कुणासाठी तरी धरून बसलाय, हे त्यानं तिथल्या तिथं ओळखलं. पण कुणासाठी?

तेवढ्यात हिंदुराव टॉप मॉडेलच्या बॉनेटवरून हात फिरवत म्हणाला, "गाडी झकास आहे हो! पण पाव्हणं, तुम्ही बेसच घ्या. माझी पण बेसच आहे. आधी हात बसू दे." आणि निघताना त्यानं सेल्समनशी हात मिळवला.

झालं! केरबाची नजर त्या दोन पंजांवर खिळली. हात जरा जास्तच वेळ हातात राहिले. एक बोट हललं की काय? रुमाल नव्हता, पण शहरात रुमाल कोण टाकतो? तरी खात्री करून घ्यावी म्हणून केरबानं खडा टाकला. "बरं तर, बेस घेतो," म्हणाला आणि साडूच्या तोंडाकडे टक लावून बघू लागला. हिंदुरावाचा चेहरा आनंदानं फुलला. "वा! शहाण्यासारखं केलंत!" म्हणत त्यानं केरबाची पाठ थोपटली.

केरबा मनात म्हणाला, बघा, कसा खूश झाला लबाड! माझ्या गळ्यात साधी मारून टॉप स्वतःच्या दारात बांधतोय. दुसऱ्या दिवशी तो एकटाच शोरूमला गेला आणि टॉप मॉडेल घेऊन आला. हिंदुरावाला हे कळलं. तो म्हणाला, "घेतलीत तर घेतलीत. पण बेतानं चालवा." बेतानं म्हणे! केरबाला वाटलं, पोटात दुखतंय याच्या.

रविवार उजाडला. ट्रॅकवरच्या प्रशिक्षकानं सगळ्यांना नियम समजावले. पिवळा झेंडा दिसला की पुढं धोका, पाय आवरायचा आणि कुणाला मागं टाकायचं नाही. शालन कठड्यापाशी बसली. गाड्या सुटल्या.

सरळ रस्त्यावर केरबाची गाडी अशी सुटली, की त्याला स्वर्ग दोन बोटं उरला. पण वळण आलं की छातीत धस्स व्हायचं. पाय नको तितका आधी ब्रेकवर जायचा, गाडी डोलायची, आणि मागून हिंदुरावाची साधी गाडी अलगद वळण घेऊन पुढं निघून जायची. एकदा गेली, दोनदा गेली. विश्रांतीला थांबल्यावर केरबा तडक साडूपाशी गेला.

"बॉनेट उघडा. आत काय बसवलंय?"

हिंदुरावानं हसत बॉनेट उघडलं. केरबानं वाकून वाकून बघितलं. आत जे असायचं तेच होतं. "चांगलं लपवलंय," तो पुटपुटला. हिंदुरावाचं हसू मावळलं आणि त्यानं बॉनेट लावून टाकलं.

प्रशिक्षक जवळ आला. म्हणाला, "साहेब, तुमचे ब्रेक फार तापलेत, वास येतोय. थोडा वेळ गाडी उभी ठेवा, मग एक फेरी हळू मारा." केरबानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. हा पण पाव्हण्याचाच माणूस! तो तसाच गाडीत बसला आणि सुसाट निघाला.

इकडे पुढच्या एका वळणावर कुणाच्या तरी गाडीतून ऑइल सांडलं होतं. केरबाच्या आधीच निघालेल्या हिंदुरावाची गाडी त्यावरून घसरली, गरकन फिरली आणि रस्त्यात आडवी बंद पडली. तो कसाबसा बाहेर पडून टायरांच्या भिंतीमागं गेला. वळणाच्या अलीकडे झेंडेवाल्यानं पिवळा झेंडा फडकवायला सुरुवात केली.

केरबाला झेंडा दिसला. चांगला स्वच्छ दिसला. पण त्या फेरीला गाडी कधी नव्हे ती रंगात आली होती. आत्ताच बरा झेंडा आला! साडूनं झेंडेवाल्यालाही चहापाणी केलेलं दिसतंय. असल्या डावांना भुलेल तो केरबा कसला? त्यानं पाय उचलला नाही.

वळण घेतलं आणि समोर आडवी गाडी. केरबानं सगळा जोर लावून ब्रेक दाबला. तापलेला ब्रेक लोण्यासारखा आत गेला. दांडगं इंजिन आपल्याच वेगानं पुढं निघालं आणि धाडकन आवाज झाला. हिंदुरावाची गाडी अर्धी चेपली. केरबाच्या नव्या गाडीचं तोंड आत गेलं. पट्टा आणि हेल्मेट होतं म्हणून जीव वाचला, नाहीतर शालनचं कपाळ पांढरं झालं असतं.

हिंदुराव भिंतीमागून धावत आला. त्यानं दार ओढून उघडलं, केरबाचा पट्टा सोडवला. "पाव्हणं! पाव्हणं, लागलं का कुठं?"

केरबाला कंठ फुटला तो असा, "मुद्दाम आडवी लावलीत ना गाडी?"

हिंदुराव जागच्या जागी थिजला. इतकी वर्षं टोमणे गिळले होते, हा काही गिळता आला नाही. त्यानं केरबाला हाताला धरून बाहेर काढलं, बाजूला बसवलं आणि म्हणाला, "शेठ, जीवानिशी वाचलात, देवाची कृपा. आता आपला संबंध संपला." इतकी वर्षं पाव्हणं म्हणणारा माणूस शेठ म्हणाला आणि मागं वळून न बघता चालू लागला.

घरी परतल्यावरही केरबाचं एकच पालुपद. "मला कुणीतरी फसवलंय, शालन. कोण ते सापडत नाही."

आता शालनच्यानं राहवेना. "हिंदुराव म्हणाले बेस घ्या. दुकानदार म्हणाला बेस घ्या. तो शिकवणारा म्हणाला ब्रेक तापलेत. झेंडेवाला म्हणाला पुढं धोका आहे. मग मला सांगा, टॉपच घ्या आणि दामटत सुटा, असं तुम्हाला सांगितलं कुणी?"

केरबानं एकेकाचा चेहरा आठवून पाहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "कुणीच नाही. मलाच तसं वाटलं."

"वा! म्हणजे सगळ्या जगाला पारखलंत, आणि स्वतःच्या मनावर तेवढा डोळे मिटून भरवसा ठेवलात!"

आपण काय करून बसलो, ते केरबाला कळलं आणि त्याला रडू कोसळलं. डोळे पुसून तो उठला आणि थेट हिंदुरावाच्या दारात जाऊन उभा राहिला. हात जोडले. "पाव्हणं, चुकलं माझं. तुमची गाडी भरून देतो, ते सोडा. पण मला माफ करा. तुमच्याशिवाय मला कुणी नाही."

आयुष्यात पहिल्यांदा केरबाच्या बोलण्यात कसलाही डाव नव्हता.

हिंदुराव उंबऱ्यात उभा राहिला. त्यानं केरबाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग हळूच विचारलं, "शेठ, खरं सांगा. काय काम काढलंत?"

तात्पर्य: साऱ्या जगावर संशय घेणाऱ्यानं आधी आपल्या हौसेवर घ्यावा, नाहीतर ती हौस त्याला खड्ड्यात घालते, आणि वर आल्यावर त्याच्या खऱ्या शब्दालाही कुणी खरं मानत नाही.