तळ्यात ओतलेला पाक

फार पूर्वी, एका तळ्याकाठच्या गावात चिंतोपंत नावाचे वैद्य राहत होते. त्या तळ्यात पाण्याखाली एक हिरवी वेल वाढे. तिचा लेप लावला की चिघळलेली जखमसुद्धा भरून येई. पण वेल वाढे अगदी सावकाश, आणि रोगी येत कोसाकोसांवरून.

पंतांनी अंगणातल्या दगडी कुंडात वेल लावली आणि नाना उपाय करून पाहिले. एकदा त्यांनी चिमूटभर द्राक्षाची साखर पाण्यात टाकली. आठवडाभरात वेल तरारली. पंतांनी ताडलं, की पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव साखर खातात आणि उच्छ्वास सोडतात. तोच उच्छ्वास उन्हात वेलीचं अन्न होतो. त्यांनी ताडलं ते खरंच होतं. मग काय, गावभर कौतुक झालं आणि पंतांचे पाय जमिनीला टेकेनात. कुंडातली वेलही त्यांनी तळ्यात नेऊन लावली आणि तळ्यात ओतायला गावच्या देशमुखांच्या मळ्यातून द्राक्षांच्या पाकाच्या चाळीस घागरी मागवल्या.

त्या तळ्यावर भोयांची बारा घरं जगत होती. घागरी दिसताच त्यांच्यातली म्हातारी कोंडाबाई पुढे आली.

"पंत, हे काय ओतताय?"

"वेलीचं खाणं. पाण्यातले जीव साखर खातील, श्वास सोडतील, आणि त्यावर वेल वाढेल."

"श्वास सोडायचा तर आधी घ्यावा लागतो, पंत. माझे मासेबी त्याच पाण्यात श्वास घेतात. त्यांना उरेल का?"

पंतांच्या कुंडात मासा कधी नव्हताच.

"माझा एक मासा कुंडात सोडा," कोंडाबाई म्हणाली. "हाच पाक त्यात घाला. दोन दिवस वाट बघू. एवढंच मागते."

मागणी रास्त होती, हे पंतांना कळत होतं. पण मासा मेला तर? गावभर झालेलं कौतुक एका माशापायी मातीत जाईल! ते तिच्यावर खेकसले, "आता जाळं टाकणाऱ्यांनी आम्हाला विद्या शिकवायची का?"

जमलेले लोक हसले. कोंडाबाई मागे सरली. चाळीसही घागरी तळ्यात रित्या झाल्या.

तिसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं गढूळ झालं. मासे वर येऊन तोंडं उघडून तडफडू लागले. चौथ्या दिवशी सगळं तळं पांढऱ्या पोटांनी भरलं. गढूळ पाण्यातून ऊन तळापर्यंत पोचेना, तेव्हा वेलही कुजली. मुळासकट.

पंत काठावर गेले. बायका मेलेले मासे टोपल्यांत भरत होत्या.

"कोंडाबाई, चुकलो मी. मला खरंच ठाऊक नव्हतं."

तिने मानही वर केली नाही. "ठाऊक नव्हतं, याचा राग नाही, पंत. ठाऊक करून घ्यायचं नव्हतं तुम्हाला."

पंधरवड्यात भोयांची बाराही घरं जाळी खांद्यावर टाकून दुसऱ्या पाण्याच्या शोधात निघून गेली. जाताना कोणी पंतांना शिव्याशाप दिले नाहीत. निरोपही घेतला नाही. त्यानंतर जखमा घेऊन रोगी येत राहिले आणि पंत त्यांना रिकाम्या हातांनी परत पाठवत राहिले.

तात्पर्य: उत्तराला भिऊन जो प्रश्न टाळतो, त्याच्या चुकीची शिक्षा आधी दुसरेच भोगतात.