वाट मोकळी करणारा कंद

एकदा एक वृद्ध वैद्य स्वतःच आजारी पडले. चीनमधल्या एका डोंगराळ गावात त्यांनी आयुष्यभर लोकांच्या नाड्या पाहिल्या होत्या. आता त्यांची स्वतःची कंबर साथ देईना, डोळे कोरडे पडले आणि मूळचा शांत स्वभाव चिडचिडा झाला. घरी राहून शिकणाऱ्या त्यांच्या शिष्याने निदान अचूक केले. त्या देशाच्या वैद्यकात कंबर सांभाळणाऱ्या मूत्रपिंडाला आई मानतात आणि डोळे व राग सांभाळणाऱ्या यकृताला तिचे लेकरू. आई थकली की लेकरू किरकिर करते, म्हणून आधी आईचे पोषण करायचे.

शिष्याचा गुरूंवर फार जीव होता, आणि तिथेच घोटाळा झाला. वाफवून काळी केलेली गोड मुळी, गोजीची सुकी लाल फळे, डोंगरातला पांढरा कंद, जे जे पौष्टिक ते ते सारे त्याने एका मडक्यात घातले आणि दाट काढा केला. गुरूंना तो अंथरुणातून उठू देईना. वारा लागेल म्हणून खिडकी बंद, दगदग होईल म्हणून शेजाऱ्यांना दारातूनच निरोप.

गुरूंची भूक मेली. पेज समोर आली की ते तोंड फिरवू लागले. शिष्य मनातून घाबरला आणि त्याने काढा आणखी दाट केला.

एके सकाळी तो मडके भरत असताना गुरू काठी टेकत चुलीपाशी आले. त्यांनी अर्धी काळी मुळी बाहेर काढली आणि पाणथळीत उगवणाऱ्या एका कंदाच्या चकत्या आत टाकल्या.

"गुरुजी, हा कंद तर शरीरातलं पाणी बाहेर काढतो," शिष्य कळवळून म्हणाला. "मी इकडे थेंब थेंब साठवतोय."

"म्हणूनच घातला. आणि आज तू तुझ्या गावी जा. पौर्णिमा झाल्याशिवाय येऊ नकोस."

शिष्याचा चेहरा उतरला. "मला घालवून देताय?"

गुरूंनी त्याला जवळ बसवले. "बाळ, तुझी औषधं एकूण एक चांगली आहेत. पण सगळी भर घालणारी, वाट करून देणारं एकही नाही. ही मुळी चिकट. एकटी दिली तर पोटात ठाण मांडून बसते. हा कंद वाट मोकळी करतो, मग ती पोचते. तुझी मायासुद्धा तशीच आहे रे, अस्सल आणि चिकट. मला ती हवीच आहे. पण मला जरा उन्हात बसू दे, शेजाऱ्याशी भांडू दे. आणि तिकडे तुझी आई वाट बघत असेल, तिचं पोषण कोण करणार?"

शिष्य निघाला खरा, पण प्रत्येक वळणावर मागे बघत गेला.

पौर्णिमेनंतर तो परतला, तेव्हा गुरू अंगणात शेजाऱ्याबरोबर सोंगट्यांचा पट मांडून बसले होते आणि हरत असल्यामुळे वाद घालत होते. शिष्याने आईने दिलेली सुकी बोरे घालून पेज शिजवली. गुरूंनी ती संपवली आणि वाटी पुन्हा पुढे केली. शिष्याचे डोळे भरून आले. त्याने पळीभर पेज वाढली आणि हात आवरला.

"एवढीच?" गुरूंनी विचारले.

"भूक लागली की मागा, गुरुजी," शिष्य म्हणाला, आणि दार उघडेच ठेवून त्यांच्याजवळ बसला.